तिकडचे रात्रीचे नऊ

"बसा की मारुतराव," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या पोरानं, रणजितनं, स्वतः उठून खुर्ची माझ्याकडं सरकवली.

मी मागं वळून बघितलं. माझ्यामागं कुणी मारुतराव उभा आहे का ते. कुणी नव्हतं. जगदाळ्यांच्या अंगणात तोवर मी मारत्या होतो. ओळख पटवायची असली तर 'बुरडाचा मारत्या'. माझा बाप गावातला बुरूड. सुपं, टोपल्या, कणग्या विणायचा, आणि गावात कुणी गेलं की तिरडीचे बांबू त्याच्याकडनं जायचे. बाप बांबू घेऊन याच फाटकापर्यंत यायचा, भिंतीला टेकवायचा, हाक मारायचा आणि बाजूला व्हायचा. चाळीस वर्षांत त्याला फाटकाच्या आत कुणी 'बस' म्हटलं नव्हतं.

मी बसलो.

चहा आला. कपबशीत आला. रणजितच्या बायकोनं माझ्या हातात दिला, खाली ठेवला नाही. सकाळचे साडेआठ वाजले होते. थंडीचे दिवस. अंगणात पन्नासेक माणसं टॉवेल गुंडाळून उभी होती, आणि त्यातली निम्मी माझ्याकडं बघत होती.

आत सोप्यात वत्सलाबाई निजवल्या होत्या. आबासाहेबांची भावजय. पहाटे सव्वापाचला गेल्या, झोपेतच. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून तीस वर्षं त्यांनी गावचं वाचनालय चालवलं. मी सातवीत शाळा सोडली आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून पेपर वाचायला लागलो. एक दिवस त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत उजेड जास्त आहे." एवढंच. अनामत मागितली नाही, कुणाचा कोण विचारलं नाही. आज मी जे काही लिहितो ते त्या चार शब्दांमुळं.

त्यांना एकच मुलगी. शैलजा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, बारा वर्षं अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला.

आणि मी? मी एसटी स्टँडसमोरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात होतो. पुण्या-मुंबईच्या बसची तिकिटं, रेल्वेची तिकिटं, आणि वर्षाकाठी दहा-वीस विमानाची. विमानातलं गावात कळणारा मी एकटा. बसलो नव्हतो कधी, पण पाठ होतं सगळं. लोक टाइमपास म्हणून विचारायचे, मी धाडधाड सांगायचो. मुंबई-दुबई एकोणीसशे किलोमीटर, तीन तास. मुंबई-लंडन सात हजार दोनशे, साडेनऊ तास. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को बारा हजार चारशे, सोळा तास. शैलजाची तिकिटं नेहमी मीच काढायचो. त्या दिवशीही तिचा पहिला फोन काकांना आणि दुसरा मला आला. सकाळी साडेसहाला.

ती रडत नव्हती. आवाज खरखरीत झाला होता.

"मारुती, आजच्या रात्री नऊचं विमान आहे. त्यात बसव मला. काहीही करून."

मी बसवलं. दिल्लीपर्यंत थेट, तिथून पहाटेच्या विमानानं पुणं.

"आता ऐक," ती म्हणाली. "काकांना फोन केला मी. ते म्हणाले, ये तू, बघू. त्यांचं 'बघू' मला माहितीये. आईनं गेल्या दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलंय, अग्नी शैलानं द्यायचा. काकांना तेव्हाच ते रुचलं नव्हतं. मी पोचायच्या आधीच रणजितच्या हातात मडकं देतील. तू घरी जा. विमानाचं तुला कळतं, तुझं ऐकतील. त्यांना सांग, मी रात्री नऊच्या विमानानं निघतेय, सोळा तासांत दिल्लीला. सांगलीहून बर्फाची पेटी मागवा म्हणावं. थांबा म्हणावं माझ्यासाठी."

"सांगतो ताई."

"नक्की?"

"आत्ता जातो."

मी गेलो. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. हे मी देवाशपथ सांगितलं असतं, पण देवाला मी मानत नाही, तेव्हा तुम्ही ठरवा.

"हां, तर मारुतराव," आबासाहेब म्हणाले, "तुमच्याकडं फोन आलता म्हणं शैलाचा. काय म्हणती?"

मी कप बशीत ठेवला. घसा साफ केला. निरोप जसाच्या तसा दिला, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

"ताई रात्री नऊच्या विमानानं निघतायत. सोळा तास लागतात दिल्लीला. तिथनं पुणं. पेटी मागवा म्हणाल्या बर्फाची. अग्नी त्याच देणार म्हणाल्या."

अग्नीचं निघाल्यावर अंगणात जरा खुसखुस झाली. आबासाहेबांनी ती कानाआड केली. मोठा हुशार माणूस. त्यांनी उजवा हात वर केला आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली.

"रात्री नऊ. नऊ नि बारा, उद्या सकाळचे नऊ. वर चार. दुपारी एकला दिल्ली." ते थांबले. "दिल्लीत उतरायचं, सामान, तपासणी. मग पुण्याचं विमान कधी?"

"संध्याकाळचं असंल," रणजित म्हणाला.

"धरा सातला पुणं. पुण्यातनं हितं चार तास. अकरा-साडेअकरा. म्हणजे उद्या मध्यरात्र. रात्री काय अग्नी देत न्हाईत आपल्यात. म्हणजे परवा सकाळ." त्यांनी पेर सोडलं. "दोन दिस हुत्यात. दोन दिस ठेवायचं वैनीला?"

"आन् विमान येळंवर आलं तर," मागून कुणीतरी म्हणालं. "धुकं पडतंय दिल्लीला. टीव्हीवर दावत्यात."

"अमेरिका हाय ती," रणजित म्हणाला. "कराड न्हवं."

एक-दोघं हसले आणि आत प्रेत आहे हे आठवून गप्प झाले.

आबासाहेब माझ्याकडं वळले. "मी मोजलं ते बरोबर हाय न्हवं, मारुतराव? सोळाच तास ना?"

"सोळा तास," मी म्हणालो. "बरोबर."

तेव्हा दारातून द्वारकामावशी बोलली. वाचनालयाची झाडलोट करायची ती, वीस वर्षं बाईंच्या सोबतीला. निरक्षर. रात्रभर बाईंच्या उशाशी हीच होती. हातात पाण्याची कळशी तशीच.

"पर मी काय म्हणते, आत्ता तिकडं रात हाय का दीस?"

"मावशे, तुला काय करायचंय?" रणजित म्हणाला. "तू आतलं बघ."

"न्हाई, बाई सांजच्याला फोन लावायच्या. दिवा लावून झाला की. तवा शैला म्हणायची, आत्ताच उठले, सकाळचा चा पितीय. मी हसायची, म्हटलं आमचा दीस मावळला अन् तुझा उगवला व्हय गं. मग तिथलं नऊ अन् हितलं नऊ एक कसं हुतील?"

 अंगणातल्या चुलीवरच्या पाण्याचा आवाज यायला लागला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आबासाहेबांनीही बघितलं. त्यांना तेव्हाच कळलं होतं का? नऊ वर्षं मी त्या नजरेचा विचार करतोय. कळलं होतं. त्या माणसाची नजर माझ्यावर ठेवलेल्या हातासारखी होती. 'सांग की,' असं ती म्हणत नव्हती. ती म्हणत होती, तू आता आमच्यात बसलायस.

"ते वेगळं असतं, मावशी," मी म्हणालो.

"वेगळं म्हंजी?"

"विमानाचं वेगळं असतं. तुला नाही कळायचं."

मावशी कळशी घेऊन आत वळली. तिला वाटलं असणार, शिकलेलं पोरगं आहे, सांगतंय तर असेल.

वेगळं काही नसतं. सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ थंडीत आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं चालतं. तिचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडं त्याच सकाळचे साडेदहा. आबासाहेब पेरं मोजत होते तेव्हा ती विमानतळाच्या वाटेवर होती. अजून दोन तासांनी ती हवेत जाणार होती. रात्री अडीचला दिल्ली, सकाळी आठच्या आत पुणं, बाराला दारात. एक रात्र. सांगलीहून पेटी यायला दीड तास. मागच्याच वर्षी देसाई सावकाराला मुलगा येईपर्यंत त्याच पेटीत दीड दिवस ठेवलं होतं, आणि ती पेटी सांगायला आबासाहेबांनीच फोन केला होता.

एक वाक्य होतं. 'आबासाहेब, तिचे नऊ म्हणजे आपले साडेदहा.' चार-पाच सेकंदांचं काम.

मला घाबरून बोलता आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं. मी घाबरलो नव्हतो. मला बरं वाटत होतं. जगदाळ्यांच्या अंगणात, कपबशी हातात, आणि आबासाहेब जगदाळे मला विचारतायत बरोबर ना, मारुतराव. ते मोडायचं जिवावर आलं. त्यानंतर मी तीन पुस्तकं लिहिली. तिन्ही असल्या अंगणांवर आणि असल्या फाटकांवर. लोक म्हणतात, मारुती कुणाला भीत नाही, बेधडक लिहितो. लिहितो. जो माणूस एका खुर्चीला विकला गेला, त्याला पुढं कशाची भीती?

"चारला काढू," आबासाहेब म्हणाले. "मारुतराव, तुमच्या वडलांस्नी निरोप धाडा. बांबू."

बाप तासाभरात आला. खांद्यावर दोन लांब हिरवे बांबू, काखेत सुतळीचं बंडल. फाटकाशी थांबला, भिंतीला टेकवले, हाक मारायला तोंड उघडलं आणि मला बघितलं. मी खुर्चीत. बापानं तोंड मिटलं. हाक मारलीच नाही. बराच वेळ तसाच बघत उभा राहिला, पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि निघून गेला. त्या संध्याकाळी त्यानं आईला सांगितलेलं मी ऐकलं. "आपलं पोरगं जगदाळ्याच्या खुर्चीत बसलं हुतं. पाय खाली टेकवून. पार राजावानी." आईनं त्या दिवशी गोडाचं केलं असतं, पण मयत होती म्हणून केलं नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या.

पण ते नंतरचं. आधी फोन आला.

सव्वादहाला. मी ऑफिसात परतलो होतो. मागून तिकडच्या विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"मारुती, आत सोडतायत. पाच मिनिटं आहेत. काका फोन उचलत नाहीत. काय झालं?"

"सगळे आहेत ताई. गर्दी आहे."

"सांगितलंस?"

"सांगितलं. शब्दन् शब्द."

"पेटी आली?"

मी रस्त्याकडं बघत होतो. समोर उसाची ट्रॉली चालली होती, पोरं मागून ऊस ओढत होती.

"येतेय."

"थांबतील ना?"

"या तुम्ही," मी म्हणालो. "या."

"तू होतास म्हणून," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

पाच मिनिटं होती तिच्याकडं. त्या पाच मिनिटांत ती काकांच्या शेजाऱ्याला फोन करू शकली असती, सरपंचाला, पोलीस पाटलाला. भांडू शकली असती. मी ती पाच मिनिटंही तिच्याकडून काढून घेतली. आणि मग मी काय केलं, तर कॉम्प्युटरवर तिचं विमान लावून बसलो. नकाशावर एवढंसं पिवळं विमान दिसतं, मुंगीएवढं. दहा चाळीसला ते जागेवरून हललं. दहा मिनिटं उशिरा.

चारला बाईंना उचललं तेव्हा ते विमान समुद्रावर होतं. मी निघण्याआधी बघून गेलो होतो. पुढं रणजित, हातात मडकं. मी खांदा द्यायला पुढं झालो तर कुणी अडवलं नाही. आबासाहेबच म्हणाले, "द्या, द्या. बाईंचा लाडका तो." बापानं आणलेला बांबू माझ्या खांद्यावर आला. ताजा होता, ओला, वजनदार.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मीच गाडी काढली. ऑफिसचीच गाडी. ड्रायव्हर पाठवता आला असता, पण तिनं तिकीट काढतानाच सांगितलं होतं, मारुती तूच ये.

ती पुण्याला बाहेर आली तेव्हा सव्वाआठ झाले होते. एकच पिशवी. तोंड धुतलेलं, केस ओले, पांढरा पंजाबी ड्रेस. बहुतेक विमानतळाच्या बाथरूममध्येच बदलला असावा. आली ती सरळ माझ्या शेजारी पुढं बसली.

"चला," ती म्हणाली. "आई वाट बघतेय."

मी गाडी सुरू केली.

खंबाटकी घाट उतरेपर्यंत मी सांगितलं नाही. म्हटलं सातारा येऊ दे. साताऱ्याला म्हटलं कराड येऊ दे. ती बोलत होती. सोळा तास एकटी गप्प बसून आलेलं माणूस बोलतं तसं. काकांना काय सांगायचं ते पाठ करत होती. "मी आधी त्यांच्या पाया पडेन. मग सांगेन की, काका, आईची इच्छा होती. आवाज चढवणार नाही. चढवू का? नको. तुला काय वाटतं?"

"नको," मी म्हणालो.

मग मध्येच म्हणाली, "तुझी ती गोष्ट पूर्ण केलीस का रे?"

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला.

दोन वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा मी माझी पहिली गोष्ट तिला वाचायला दिली होती. वीस पानं. मी आयुष्यात कुणाला काही वाचायला देण्याची ती पहिली वेळ. तिनं वाचनालयात, चार माणसांदेखत ती परत दिली आणि म्हणाली, "यात नुसता राग आहे मारुती. गोष्ट कुठाय?" एक-दोघं हसले. मी पण हसलो. घरी जाऊन पानं चुलीत घातली, आणि ते वाक्य तेवढं जपून ठेवलं. दोन वर्षं रोज काढून बघायचो. अंगणात आबासाहेब पेरं मोजत होते तेव्हाही ते काढलं होतं मी. आता सांगतोय. कळलं का, नुसती खुर्ची नव्हती ती.

"मी फार तोडून बोलले तेव्हा," ती म्हणाली. "तू गेल्यावर आई मला इतकी रागावली. म्हणाली, राग आहे ना त्याच्याकडं, मग गोष्ट येईल मागून. तुला कुठं काय आहे, ना राग ना गोष्ट." ती जरा हसली. डोळे भरलेले. "मला माफी मागायची होती. फोनवर नको वाटलं."

कराड आलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "हार घेऊ. आईला झेंडू आवडत नाही. काकांनी झेंडूच आणला असणार."

मी गाडी थांबवली. थांबवली मी. ती उतरली, फुलवाल्या बाईशी बोलली, निशिगंधाचा मोठा हार निवडला, पाणी मारून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर ठेवून बसली. गाडीभर वास सुटला.

"ताई," मी म्हणालो, "हार नको."

"का?"

"काल झालं सगळं."

"काय झालं?"

"चारला. काल."

तिला कळायला वेळ लागला. मी समोर बघत होतो. एक म्हैस रस्ता ओलांडत होती, तिच्यामागं अजून एक.

"मी विमानात होते," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणालास पेटी येतेय."

इथं अजून एक संधी होती. माझ्या वाट्याला किती संधी आल्या बघा. चोरालासुद्धा एवढ्या मिळत नाहीत.

"आणतो म्हणत होते," मी म्हणालो. "मी सांगितलं त्यांना, तुमचे नऊ म्हणजे आपले साडेदहा. दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. म्हणाले..." मी थांबलो. पुढचं आपोआप आलं. "म्हणाले, आता बुरडाच्या पोरानं आम्हाला वेळ शिकवायची का."

हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. पण आयुष्यभर असली वाक्यं मी ऐकली होती, माझ्या बापानं ऐकली होती, आज्यानं ऐकली होती. ती सगळी खरी होती. त्या सगळ्या खऱ्यांतून मी हे एक खोटं पाडलं, आणि ते इतकं हुबेहूब निघालं की तिनं क्षणभरही शंका घेतली नाही.

"हे ते म्हणतील," ती म्हणाली. "हेच म्हणतील."

मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. गिअरवर होता तो. "सॉरी मारुती," ती म्हणाली. "आमच्या लोकांच्या वतीनं. सॉरी."

घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं होतीच. ती पाया पडली नाही. आवाज चढवायचा नाही हेही विसरली.

"यानं तुम्हाला सांगितलं होतं ना? मी बाराला पोचते म्हणून? आणि तुम्ही याला काय म्हणालात? बुरडाच्या पोरानं आम्हाला वेळ शिकवायची?"

रणजितचं तोंड उघडं पडलं. "कोण म्हणालं? ह्यो तर..."

आबासाहेबांनी हात वर केला. रणजित थांबला. आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. बाजारात बैल बघतात तसं.

"चुकलं आमचं पोरी," ते म्हणाले. "सांगितलं हुतं यानं. आमीच घाई केली."

पन्नास माणसांसमोर त्या माणसानं दोष स्वतःवर घेतला. लोक अजून त्याचं कौतुक करतात, आबासाहेब मोठ्या मनाचे म्हणून. मोठं मन कसलं! पुतणीचा राग तेराव्याला विमानात बसून जाणार होता, हे त्यांना माहीत होतं. मी गावात राहणार होतो.

"मारत्या," ते म्हणाले, "जा, हिला मसणात दावून आण."

"व्हय आबासाहेब," मी म्हणालो.

फाटकाशी द्वारकामावशी उभी होती. शैलजा पुढं गेली. मावशीनं माझा दंड धरला. आवाज अगदी बारीक.

"मी अडाणी रं," ती म्हणाली. "तरी मला इचारायला सुचलं हुतं."

मी दंड सोडवून घेतला.

स्मशानात कुणी नव्हतं. सावडणं दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळं राख तशीच होती, पांढरी, मधून काळी. शैलजा चपला काढून जवळ गेली. खाली बसली. राखेवर तळहात ठेवला आणि चटकन मागं घेतला. आत अजून विस्तव होता. तिनं तो हात दुसऱ्या हातात धरला आणि तशीच बसून राहिली. मी चार पावलं मागं उभा. बोलायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. 'ताई, मी सांगितलं नाही त्यांना.' पहिला शब्द जिभेवर होता.

"मारुती," ती मागं न बघता म्हणाली, "मला किती तास उशीर झाला?"

घड्याळ बघायची मला गरज नव्हती.

"वीस," मी म्हणालो.

तिनं मान हलवली.

"तू तरी खरं सांगतोस," ती म्हणाली.